खांब सगळ्यांचा

मुंबईतली आमची इमारत १९८८ची. गळका नळ, निखळलेली टाइल, पोपडे धरलेली भिंत हे सगळं मी आणि बाबा घरीच करतो. थापी, पुट्टी आणि एक रविवार पुरतो. पण इमारतीला ३० वर्षं झाली की महापालिका कायद्याच्या ३५३ ब कलमानुसार स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं. आमच्याकडे आलेल्या इंजिनिअरने स्वयंपाकघरातल्या खांबावर हातोडी वाजवली. आवाज पोकळ आला. आत सळई गंजलेली. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. वरून पुट्टी मारली की फक्त तडा दिसेनासा होतो.

"घर आपलंच आहे ना?" बाबा म्हणाले.

आपलंच. पण त्या खांबावर वरचे चार संसार उभे आहेत. बाबांनी पुट्टीची पिशवी माळ्यावर टाकली आणि सोसायटीच्या दुरुस्ती निधीचा चेक लिहिला.