माशी आणि दुर्बीण

रायफलीची दुर्बीण फुटल्यास कामीं येणारी लोखंडी माशी झटकन् सुटणाऱ्या बैठकीवर असावी कीं कायमची जडलेली, हा प्रश्न आम्हांस निव्वळ सोयीचा वाटत नाहीं. सुटी माशी वजन वांचविते व दुर्बिणीच्या आड येत नाहीं, हें खरें. परंतु पुन्हां बसवितांना ती 1 मिलिमीटर बाजूस सरकली, तर माशी व डोळ्याजवळचें छिद्र यांत पाऊण मीटर अंतर असतां 100 मीटरवर नेम सुमारें 13 सेंटिमीटर चुकतो. दुसऱ्या महायुद्धांतील ली-एन्फील्ड 'नंबर 4 टी' रायफलीची दुर्बीण हातानें फिरवावयाच्या दोन स्क्रूंनीं सुटे. माशी नळीवर कायम राही. हीच योजना आम्हांस शहाणपणाची वाटते. शत्रु समोर असतां शिपायास पिशवी धुंडाळण्यास सवड नसते.