रबराचें कडें

गळतीइतका सभ्य शत्रु दुसरा नसेल. टायर फुटतो तो तोफेसारखा आवाज करून. बॅटरी संपते ती भर चौकांत आपली फजिती करून. गळती मात्र पावलांचा आवाजहि न करतां घरांत शिरते, आणि आपण तिला ओळखतों तेव्हां तिचा मुक्काम पडून बरेच दिवस लोटलेले असतात.

आमच्या मोटारींत ती अशीच आली. आम्ही पांचगणीला राहतों. दर मंगळवारीं अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, उपचारांसाठीं साताऱ्यास न्यावें लागतें. जातांना पसरणीचा घाट उतरावयाचा, येतांना तोच चढावयाचा. परततांना अप्पांच्या अंगांत ताठ बसण्याचेंहि त्राण नसतें. त्या वळणांवर गाडी बंद पडून चालणार नाहीं, ही गोष्ट मोटारीला सांगून कळण्यासारखी नसली तरी मला क्षणभरहि विसरतां येत नाहीं. म्हणून इंजिन थंड राखणाऱ्या पाण्याची, ज्याला आतां सगळेच कूलंट म्हणतात त्याची, टाकींतली पातळी आठवड्यास बोटभर उतरूं लागली तेव्हां माझी झोप उडाली.

नवल असें कीं, गाडीखालीं एक थेंबहि सांपडेना. गॅरेजच्या मिस्त्रींनीं टाकीकडे ओझरतें पाहून निकाल दिला, "पाणी टाकत ऱ्हावा साहेब, कायबी हुत नाय!" सल्ला स्वस्त होता. पण चार हजार फुटांहून उंच असलेल्या आमच्या गांवीं साधें पाणी सुमारें ९६ अंशांवरच उकळतें. कूलंटमध्यें निम्में एथिलीन ग्लायकॉल असतें, आणि टाकीचें झांकण त्यावर दाब राखतें. म्हणून सव्वाशे अंशांच्या घरांत जाईपर्यंत तें उकळत नाहीं. गळतीनें दाब जातो, आणि वरून ओतलेल्या पाण्यानें ग्लायकॉल पातळ होत जातें. घाटाच्या चढावर जीं दोन बळें हवींत, तींच दोन्ही अशीं एकदम खचतात.

अखेर चोर सांपडला तो वासावरून. बॉनेट उघडतांच गोडसर वास आला, आणि थर्मोस्टॅटच्या हौसिंगच्या सांध्यावर गुलाबी खरपुडी दिसली. थेंब बाहेर येई, आणि तापलेल्या इंजिनावर पडून जमिनीला लागण्यापूर्वींच सुकून जाई.

हा थर्मोस्टॅट म्हणजे मोठा मजेदार द्वारपाल आहे. उष्णता आपोआप आवरण्याची हिकमत जुनी. कॉर्नेलिस ड्रेबेल नांवाच्या डच कारागिरानें सतराव्या शतकांतच अंडीं उबविण्याच्या पेटीसाठीं ती योजिली होती. मोटारींतल्या या द्वारपालाच्या पोटांत मेण भरलेलें असतें. इंजिन गार असेतों तो रेडिएटरकडचें दार लावून बसतो, कारण गार इंजिन पेट्रोलहि अधिक खातें आणि झिजतेंहि अधिक. ८२ ते ८८ अंशांच्या सुमारास मेण वितळून फुगतें, दांडी पुढें ढकलतें आणि दार उघडतें. विजेची तार नको, कोणाचा हुकूम नको. मेणाचा स्वभाव पुरतो.

रविवारीं सकाळीं, इंजिन रात्रभर निवल्यावर, मी कामास लागलों. अप्पा पडवींत खुर्ची टाकून बसले होते. कूलंट घमेल्यांत काढून घेतलें आणि झांकून उंचावर ठेवलें. तें चवीला गोड पण विषारी असल्यामुळें कुत्र्यामांजरांचा जीव त्यांत सहज जातो. मग होज पाइपाची क्लिप सैल केली, दोन बोल्ट काढले, आणि हौसिंग हातांत आलें. त्याच्या कडेला फुटपट्टी लावून पाहिली; कड सरळ होती, कोठें तडा नव्हता. दोष होता तो सांध्यांतल्या रबरी कड्याचा. तापून निवून तें चपटें आणि शिंगासारखें कडक झालें होतें.

अप्पांनीं तें मागून घेतलें, बोटानें दाबून पाहिलें आणि म्हणाले, "एवढ्यानें एवढें?"

एवढ्यानेंच. दोन कठीण वस्तु कितीहि घांसून गुळगुळीत केल्या तरी त्यांच्यांत फट राहतेच. शिवाय उष्णता एकच असली तरी प्रत्येकाचें फुगणें निराळें. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें. हा सारा फरक मधलें मऊ कडें आपल्या अंगावर घेतें.

आमच्या घरांत हें काम आई करी. अप्पा शिस्तीचे, मी हट्टी. त्यांचा राग माझ्यापर्यंत येई तो तिच्या तोंडून काळजी होऊन, आणि माझा नकार त्यांच्यापर्यंत जाई तो अडचण होऊन. तिला जाऊन तीन वर्षें झालीं. तेव्हांपासून आम्ही एकदांहि भांडलों नाहीं. औषधांच्या वेळा सोडल्या तर बोलणेंच सुकत गेलें. पाहुणे आमच्या समंजसपणाची वाखाणणी करतात. खालीं थेंब दिसत नाहीं, एवढेंच त्यांना दिसतें.

नवें कडें कूलंटनें ओलें करून खोबणींत बसविलें, आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीनें, थोडे थोडे आवळले. गळतें म्हणून जोर लावावा, असा मोह होतो. पण अति आवळल्यानें कडें चेंगरतें, नाहींतर हौसिंगच फुटतें. नवें कूलंट भरून, आंत कोंडलेली हवा बाहेर जाऊं देत इंजिन चालूं ठेवलें. वरचा पाइप कितीतरी वेळ गारच होता. मग एकाएकीं तो ऊन झाला. अप्पा केव्हां शेजारीं येऊन उभे राहिले तें कळलें नाहीं. पाइपाला बोट लावून ते म्हणाले, "उघडलें वाटतें दार." सांध्याखालीं धरलेला कागद कोरडा राहिला.

मंगळवारीं परततांना घाट चढतांना कांटा मध्यावर स्थिर होता. एका वळणावर अप्पा डोळे न उघडतां म्हणाले, "तुझ्या आईला इथें नेहमी मळमळायचें. मग मी गाणें म्हणायचों."

अप्पा गातात हें मला ठाऊक नव्हतें. मीं गाडी जरा हळू घेतली.