घारापुरीचा बेत

सहलीचा बेत ठरतो बैठकीच्या खोलींत आणि पार पडतो स्वयंपाकघरांत, ही गोष्ट एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या आमच्या वाचक भगिनींस नव्यानें सांगावयास नको. 'उद्यां जाऊं या' हे तीन शब्द उच्चारावयास पुरुषमंडळींस क्षणभरही लागत नाहीं. त्या तीन शब्दांपोटीं किती दशम्या लाटाव्या लागतात, किती बाटल्या भराव्या लागतात, आणि सगळी सिद्धता झाल्यावर 'घरीं कोणीतरी राहिलें पाहिजे' या वाक्याचें माप कोणाच्या पदरांत पडतें, हें ज्यांच्या पदरांत तें पडतें त्यांसच ठाऊक.

आम्ही तिघी जावा. गिरगांवांतील आमच्या घरांत लहानमोठीं मिळून चौदा माणसें आहेत. मुलांच्या परीक्षा आटोपल्या कीं वैशाखांत एका दिवसाची सहल निघते, आणि दर वर्षीं मोजणी बारांवर येऊन थांबते. तेरावें माणूस म्हणजे आत्याबाई. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्या यावयाच्या नाहींत, हें सर्वांनीं गृहीत धरलेलें. चौदावी आमच्यांपैकीं एक. आत्याबाईंजवळ कोणी हवें म्हणून. यांत कोणावर अन्याय होऊं नये यासाठीं आम्हीं पाळ्या लावून घेतल्या होत्या, आणि पाळी लावल्यामुळें अन्याय नाहींसा होतो अशी सर्वांची समजूत होती.

आत्याबाई म्हणजे आमच्या सासऱ्यांच्या धाकट्या भगिनी. वय ७८. एका कन्याशाळेंत त्यांनीं बत्तीस वर्षें गणित शिकविलें. त्यांनीं विवाह केला नाहीं, आणि त्याचें कारण विचारण्याचें धैर्यही घरांत कोणी केलें नाहीं. दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या डोळ्यांस काचबिंदू झाल्याचें निघालें. मोतीबिंदू काढतां येतो. काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं, आहे ती औषधाच्या थेंबांनीं राखावयाची, एवढेंच वैद्यांच्या हातीं असतें. कडेचें दिसणें आधीं जातें. आत्याबाई वाचतात ठीक; परंतु शेजारीं येऊन बसलेलें मूल त्यांस दिसत नाहीं, आणि अंधाऱ्या जिन्यांत त्या भिंतीस हात लावून चालतात.

यंदा मुलांनीं घारापुरीचा हट्ट धरला. बैठकींत चर्चा चालली असतां आत्याबाई जपमाळ ओढीत कोपऱ्यांत होत्या. त्या मध्येंच म्हणाल्या, "काशी झाली, रामेश्वर झालें. अपोलो बंदरावरून समोर दिसणारें बेट तेवढें राहिलें. तो तीन तोंडांचा शंकर, दिसतें आहे तोंवर पाहून घेतला असता." कोणी कांहीं बोललें नाहीं, चर्चा तिकिटांकडे वळली. त्या रात्रीं भांडीं आवरतांना आम्हीं तिघींनीं ठरविलें कीं यंदा आत्याबाई जातील आणि आमच्यांपैकीं कोणीही मागें राहणार नाहीं.

ठरविणें सोपें होतें. पुरुषमंडळींचा बेत असा होता कीं रविवारीं साडेदहाच्या सुमारास निघावें, दुपारीं लेणीं पाहावीं आणि संध्याकाळीं परतावें. वैशाखांतील दुपारीं काळ्या दगडाच्या पायऱ्या चढणें म्हणजे तव्यावर चालणें आहे, हें त्यांस सांगून पाहिलें. अखेर आम्ही पंचांग घेऊन आत्याबाईंकडेच गेलों. ज्या माणसास न्यावयाचें त्यासच बेत करूं द्यावा, ही युक्ति आम्हांस इतकीं वर्षें कशी सुचली नाहीं कोण जाणे!

आत्याबाईंनीं पहिला प्रश्न केला तो भरतीचा. पहाटेच्या गर्दीचा नव्हे, उन्हाचाही नव्हे. गेटवेजवळ होडींत बसावयाचें तें पायऱ्यांवरून. पाणी चढलेलें असलें कीं होडी पायरीच्या बरोबरीस येते. ओहोटी असली म्हणजे शेवाळानें निसरड्या झालेल्या खालच्या पायऱ्या उतराव्या लागतात, आणि होडीही खालीं जाते. धडधाकट माणूस उडी मारतें. गुडघे दुखणाऱ्या आणि पायरीची कड नीट न दिसणाऱ्या माणसाचा निकाल तेथेंच लागतो. कोंकण किनाऱ्यावर चालत आलेला हिशेब असा, कीं तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. त्या दिवशीं तीनच्या सुमारास भरती, आणि सकाळीं नऊ वाजतां ओहोटीच. ती तिथि बाद. एकादशी त्यांनीं क्षणभर विचारांत घेतली. भरती सव्वाआठला, शिवाय फराळाचें सोपें. परंतु परततांना दोनच्या सुमारास पाणी तळाशीं जातें, म्हणून तीही बाद. त्रयोदशीची पाऊणपट पावणेदहा. नऊच्या सुमारास सुटणाऱ्या होडींत भरत्या पाण्यावर चढावें, तासाभरानें घारापुरीस ऐन भरतीवर उतरावें, आणि दीड वाजण्याच्या आंत परतीस लागावें. पाणी तेव्हां अर्ध्यावरच आलेलें असतें. शिवाय दुपार चढल्यावर समुद्रावरून वारा उठतो आणि होडी हिंदकळूं लागते, तोही चुकतो. आमच्या धाकट्या पुतण्यानें मोबाईलवर वेळ पडताळून पाहिली. अंतर अर्ध्या तासाच्या आंतलें निघालें. "तुझें यंत्र बरोबर आहे," असें आत्याबाईंनीं त्यास प्रशस्तिपत्र दिलें.

वैशाख शुद्ध त्रयोदशी बुधवारीं येत होती. ती सोमवारीं आली असती तर सगळेंच फसलें असतें. सोमवार हा शंकराचा वार, आणि घारापुरीचीं लेणीं बंद असतात तीं नेमकीं सोमवारीं! हें सरकारी शास्त्र आमच्या सासूबाईंस अजून उमगलेलें नाहीं.

सासूबाईंचा मुख्य आक्षेप मात्र निराळा होता, आणि तो हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. १८ डिसेंबर २०२४ रोजीं याच मार्गावर प्रवासी होडीस नौदलाच्या एका वेगवान नावेची टक्कर होऊन ती बुडाली आणि कित्येक जीव गेले, हें मुंबईकर विसरलेले नाहींत. "चौदा माणसांचें घर एका होडींत घालावयाचें?" असें त्यांनीं विचारलें. यावर ठाम उत्तर कोणापाशीं असणार? आम्हीं एवढेंच ठरविलें, कीं मंडळी दोन होड्यांत वांटून जावयाची. तरंगण्याचें जाकीट होडी धक्का सोडण्यापूर्वींच अंगांत चढवावयाचें, हातांत धरावयाचें नाहीं. लहान मुलांस त्यांच्या मापाचें मिळालें नाहीं तर ती होडी सोडून द्यावयाची. आणि होडी दाटीवाटीनें भरूं लागली तर खालीं उतरावयाचें. आत्याबाईंनीं नऊवारीवर जाकीट घालून कसें दिसेल हें मुलांस दाखविण्यासाठीं उशी पोटाशीं बांधून पाहिली. सासूबाई हंसल्या, पण रुकार त्यांनीं दुसऱ्या दिवशीं दिला.

घारापुरीचा धक्का लांबच लांब आहे. बेटाभोंवतीं पाणी उथळ, कांठाशीं चिखल आणि तिवरांची झाडी, म्हणून तो खोल पाण्यापर्यंत न्यावा लागला आहे. त्यावर रुळांवरून एक लहानशी आगगाडी चालते. मुलांस लेण्यांहून तिचेंच अप्रूप अधिक. खरा प्रश्न पुढें आहे. लेण्यांपर्यंत सुमारें १२० पायऱ्या चढाव्या लागतात. दोहों बाजूंस दुकानें असल्यामुळें सांवली बरीच असते, पण पायऱ्या त्या पायऱ्याच. खुर्चीची डोली मिळते. चार गडी ती खांद्यावर वाहून नेतात. ती सूचना ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "चौघांच्या खांद्यावर जाण्याचा एक दिवस ठरलेलाच आहे, त्याची घाई कशास?" मग कागदावर भागाकार झाला: पंधरा-पंधरा पायऱ्यांचे आठ टप्पे, दर टप्प्यास दोन मिनिटें बसणें. गुडघ्यांनीं नकार दिलाच तर डोली करावयाची आणि मजुरी मागतील ती, घासाघीस न करितां, द्यावयाची. "माणसाच्या खांद्यावर बसून दहा रुपयांसाठीं वाद घालणें मला जमणार नाहीं," हें त्यांचें म्हणणें.

आत गेल्यावर काय, हा भाग मात्र आम्हीं आमच्याकडे घेतला. कारण दोघींनीं तें लेणें पूर्वीं पाहिलेलें आहे. उन्हांतून एकदम आंत शिरलें कीं प्रथम कांहींच दिसत नाहीं. लोक भराभर पुढें जातात, छायाचित्रें घेतात आणि अंधारांतच बाहेर पडतात. आत्याबाईंच्या डोळ्यांस तर अंधारास सरावण्यास आणखीच वेळ लागणार. म्हणून उत्तरेकडील दाराजवळच्या खांबापाशीं चटई टाकून दहा मिनिटें नुसतें बसावयाचें. हळूहळू समोरच्या भिंतींतून ती अठरा-वीस फुटांची त्रिमूर्ति पुढें येऊं लागते. खरें म्हणजे तो सदाशिव, मध्यें शांत, एका बाजूस उग्र, एका बाजूस सौम्य. सहाव्या शतकाच्या सुमाराचें हें काम. शेजारीं अर्धनारीश्वर आणि गंगाधर आहेत. अंधकासुरवध, नटराज, कैलास हालविणारा रावण, सारें पाहावयाचें. पण पायांत बळ असेल तेवढेंच. शिवपार्वतीच्या विवाहाचा देखावा आम्हां तिघींचा आवडता. लाजून किंचित् वांकलेली ती पार्वती पाहिली कीं सासरीं येतांनाची आपलीच मान आठवते. तिचे हात भंगलेले आहेत. पोर्तुगीज अमदानींत येथें फार नासधूस झाली, आणि भग्न मूर्तीची पूजा करूं नये म्हणून आमच्या वडीलधाऱ्यांनीं या बेटाकडे पाठ फिरविली. आत्याबाईंचें मत असें, कीं पूजा करूं नये असें शास्त्र सांगतें, पाहूं नये असें कोठें सांगितलें आहे?

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनीं बेटास एलिफंटा हें नांव दिलें, तो तेथें नाहीं. १८६४ मध्यें तो विलायतेस नेण्याच्या खटपटींत तुटला. तुकडे जोडून तो आतां भायखळ्याच्या जिजामाता उद्यानांत उभा आहे. मुलांस तो आधींच्या रविवारीं दाखवून आणला, म्हणजे बेटावर 'हत्ती कोठें आहे' हा घोष नको. बेटावर विजेची तार समुद्राखालून पोंचली ती २०१८ च्या फेब्रुवारींत. मुंबईचे दिवे रोज समोर दिसत असतां तेथील माणसांनीं एवढीं वर्षें कशीं काढलीं असतील, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

शिधा यंदा निम्म्यावर आणला. बेटावर माकडें फार. उघडी पिशवी दिसली कीं ती त्यांचीच. शिवाय ज्यास जेवण बनवावयाचें त्यासही सहलीस यावयाचें आहे. दुधांत भिजविलेल्या दशम्या, तेलांतलें लोणचें, गुळाच्या वड्या, आणि कैरीचें पन्हें, बस्स. ओलें खोबरें घातलेलें कांहीं नाहीं, उन्हांत तें दगा देतें. थोरल्या जाऊबाईंचा त्या दिवशीं प्रदोष असतो. त्यांच्यापुरतीं केळीं वेगळीं.

शेवटची अडचण बुधवारची. आमच्या घरच्या तिघां बंधूंपैकीं धाकट्यांस रजा मिळाली. थोरल्यांच्या आणि मधल्यांच्या कचेऱ्या उघड्या, आणि तिथि कांहीं रविवारीं येईना. "मग पुढच्या पंधरवड्यांत पाहूं," असें मधले म्हणाले. आत्याबाईंनीं डोळ्यांत थेंब घालून घेतले होते, डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "पुढच्या पंधरवड्याची त्रयोदशी मीं पाहिली आहे. ती सोमवारीं येते." ती खरोखर सोमवारीं येते काय, हें कोणी पडताळून पाहिलें नाहीं.

तेव्हां घरीं कोणीतरी राहिलें पाहिजे, तर ते दोघे राहणार. कचेरींतून आल्यावर त्यांचा भात त्यांनींच लावावयाचा आहे. कुकर कोठें असतो, असें थोरल्यांनीं परवां विचारून घेतलें. तो गेलीं एकोणीस वर्षें त्याच फळीवर आहे.