आभाळातून दिसणारे गव्याचे घर

पुण्याहून सूसच्या रस्त्याने निघालात, की नांदे लागते आणि त्याच्या शेजारीच चांदे. मुळशी तालुक्यातल्या या गावात उभे राहून दोन्हीकडे पाहा. पूर्वेला शहर वाढत वाढत जवळ आले आहे. पश्चिमेला मुळशी धरण आणि त्यापलीकडे ताम्हिणीचा घाटमाथा. मधे शेती, माळ आणि डोंगरउतारावरची झाडी. प्रश्न या मधल्या पट्ट्याचा आहे.

९ डिसेंबर २०२० रोजी सकाळी कोथरूडच्या भर वस्तीत एक गवा शिरला. बघ्यांची गर्दी झाली, जनावर बिथरून पळत सुटले. भुलीचे औषध देऊन त्याला धरले, पण त्याच दिवशी ते मेले. त्याच महिन्यात २२ तारखेला बावधनला दुसरा गवा दिसला. तो मात्र जंगलाकडे सुखरूप परतला.

गवा हा आपल्या गाईबैलांचाच रानातला भाऊबंद. थोराड नर हजार किलोंच्या घरात जातो, आणि चारही पायांत जणू पांढरे मोजे. त्याला गवत, बांबूचे कोंब, पाणी आणि दुपारची सावली एवढे हवे. हे सारे कोठे सलग आहे आणि कोठे तुटले आहे, हे कसे कळावे?

इथे उपग्रह कामी येतो. हिरवे पान तांबड्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश भरपूर परत फेकते. उपग्रहाला तो दिसतो. म्हणून त्याच्या चित्रात दाट रान पुष्कळदा लालभडक दाखवतात. एक चित्र दिवाळीनंतरचे आणि एक चैत्रातले शेजारी ठेवले, की सदाहरित रान, पानगळीचे रान आणि वाळलेला माळ वेगळे ओळखू येतात. त्यावर ओढे, चढउतार, रस्ते आणि गावे मांडली, की गव्याच्या घराचा नकाशा होतो.

१७ मार्च १९८८ रोजी आपला आयआरएस-१ए उपग्रह वर गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे सुमारे सव्वा एकर जमीन. आज युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा ठिपका दहा मीटर लांब-रुंद असतो. म्हणजे आपला एक गुंठाच म्हणा ना!

पण मंडळी, गुंठ्याच्या ठिपक्यात गवा दिसत नाही. घाणेरीने माजलेले रान आणि चाऱ्याचे रान, दोन्ही वरून हिरवीच. कोणता झरा वैशाखात आटतो, खुरांचे ठसे कोणत्या खिंडीत उमटतात, हे तिथे गुरे चारणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून नकाशा करणारे पायी हिंडून, माग आणि शेण पाहून चित्राचा पडताळा घेतात. अशी माणसे तुमच्या शिवारात आली, तर त्यांना पाणवठे आणि वाटा दाखवा. तुटलेला पट्टा नकाशावर दिसला, तरच तो राखण्याची मागणी करता येते.

आणि गवा शिवारात आलाच, तर त्याच्यामागे धावू नका, त्याला घेरू नका. परतीची वाट मोकळी ठेवा आणि वनखात्याला कळवा. पिकाचे नुकसान झाले असेल, तर लगेच अर्ज देऊन पंचनामा करून घ्या. शासन भरपाई देते. गव्याला वाट मिळाली, तर त्याचाही जीव वाचतो आणि आपलाही.