टपाची गळती

मे महिन्यात भाचेमंडळी आली की एक प्रश्न ठरलेला. "मामा, ती जीप अजून आहे?" आहे. आणि आता ती गळत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

जीप जुनीच, दुसऱ्याकडून २०११ साली काजूच्या बागेत जाण्यासाठी घेतलेली. तिचा फायबरचा टप काढता येतो. दिवाळी झाली की बोल्ट सोडायचे, चौघांनी टप उचलून पडवीत ठेवायचा आणि आगोटीला पुन्हा चढवायचा, हा आमचा क्रम. थंडीत उघड्या जीपमधून बागेत जाण्याची मजा काही और! पण दरवर्षीच्या काढघालीत टपाखालचं रबर कुठे चेपलं, कुठे सरकलं. देवरूखच्या पावसाला तेवढी फट पुरते.

मला मात्र गळतीचा पत्ताच नव्हता. मी चालवणारा, उजवीकडे बसणारा, कोरडा ठणठणीत. दर गुरुवारी आम्ही साखरप्याला जायचो. हिची धाकटी बहीण तिथे पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली. २०२३च्या पावसाळ्यात ही म्हणू लागली, "आज नको, गुडघा दुखतोय." वयच झालंय आमचं, मी धरून चाललो. (शाळेत असतो तर दोन दिवसांनी पालकांना बोलावून घेतलं असतं!)

ऑगस्टमध्ये एकदा माझा एक जुना विद्यार्थी जीप चालवत होता आणि मी डाव्या बाजूला. गाडी थोडी पुढे गेली नाही तोच समोरच्या काचेच्या वरून थंडगार धार थेट गुडघ्यावर, खिडकीच्या कडेने दुसरी खांद्यावर. सीटखाली हात घातला तर घडी केलेला जुना टॉवेल आणि प्लास्टिकची पिशवी.

घरी येऊन विचारलं. ही म्हणाली, "अहो, दोन पावसाळे गळतंय ते. तुम्हाला सांगितलं असतं तर मुलाचं ऐकून जीप विकून टाकली असतीत." मी कॅलेंडर काढून बघितलं. अकरा गुरुवार बुडाले होते.

मग मी चिडून कामाला लागलो. म्हणजे चुकीच्या कामाला. सिलिकॉनच्या चार नळ्या आणल्या आणि दिसेल ती फट बुजवली. टपाची कड, काचेची चौकट, दरवाज्यांच्या तळाची बारीक भोकंसुद्धा. शिवाय टपाखाली स्पंजाची पट्टी कोंबली. पुढच्या पावसात दरवाजा उघडला तर आत पाणी डचमळत होतं, कळशीसारखं.

तो विद्यार्थी म्हणजे गॅरेजवालाच. बघून म्हणाला, "गुरुजी, पाण्याची वाटच बंद केलीत की!" खिडकीच्या काचेवरून ओघळणारं थोडं पाणी दरवाज्याच्या पोटात जाणारच, ते तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. भोकं बुजली की आत साठतं आणि आतल्या बाजूने सांडतं. स्पंज पाणी पितो आणि धरून ठेवतो, तिथे बंद छिद्रांचं फोम रबर लागतं. आणि मी आणलेलं सिलिकॉन आंबट वासाचं. ते सुकताना आम्ल सुटतं, खालचा पत्रा गंजतो. ते सगळं खरवडायला मला दोन दिवस लागले. प्लास्टिकची फूटपट्टी कामी आली.

मग त्याने गळती शोधली ती पाहण्यासारखी. मला बॅटरी देऊन आत बसवलं आणि बाहेरून बारीक धारेने पाणी सोडलं. आधी खाली, मग हळूहळू वर. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं, कुठून आत आलं ते कळत नाही. पाणी आत शिरत होतं माझ्या डोक्यावरच्या, उजव्या कोपऱ्यातून! तिथून चौकटीच्या आतल्या कडेने ते डावीकडे सरकत होतं. रस्ता मधे उंच, कडेला उतरता. आपण डावीकडून चालवतो, म्हणजे गाडीही जरा डावीकडे कललेली. शिरत होतं माझ्या बाजूने, पडत होतं हिच्या गुडघ्यावर.

दरवाज्याचं रबर तपासायला त्याने माझ्याकडेच खडू मागितला. खडू अजून घरात आहेत, सवय जात नाही. रबरावर खडू घासायचा, दरवाजा लावायचा आणि उघडायचा. पत्र्यावर जिथे पांढरी रेघ उमटत नाही, तिथे रबर टेकत नाही. डाव्या दरवाज्याला वितभर रेघच नव्हती. बिजागरी जरा आत घेऊन ते काम भागलं.

टपाखाली नवी पट्टी बसवली. बोल्ट मात्र एकेक करून आवळायचे नाहीत. समोरासमोरचे, थोडे थोडे, फेऱ्या करत. एकदम आवळले तर फायबर दोन बोल्टांच्या मधे फुगतं आणि पुन्हा फट पडते. इतकी वर्षं मी पहिला बोल्ट पूर्ण दाबून मग दुसऱ्याकडे वळत होतो.

सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी भर पावसात साखरप्याला गेलो. हिची बहीण फारसं बोलू शकत नाही. हिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी बाहेर ओटीवर पागोळ्या बघत बसलो.

२०२४चा अख्खा पावसाळा कोरडा गेला. टॉवेल अजून सीटखालीच आहे, तो काही मी हलवलेला नाही. दिवाळीनंतर टप काढायचा की नाही, यावर मात्र आमचं दरवर्षी वाजतं. मी म्हणतो राहू दे चढवलेला, ही म्हणते काढा, बागेत वारा लागू दे.