परक्या देवाचा प्रसाद

आमचं घर माहूरकडचं, महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेलं. पंचकृष्णांखेरीज दुसरा देव नाही. घरात गणपती बसत नसे, घट बसत नसत, आणि परक्या देवाचा प्रसाद तोंडात घालायचा नाही, ही ताकीद तर समजायच्या आधीपासूनची. स्मरण झाल्याशिवाय चहा मिळत नसे. पुढे विष्णुपुरीला विद्यापीठात शिकायला आले, इथंच संसार थाटला आणि नेम एकेक करून सुटले. आता इथल्या काळेश्वराचा प्रसाद शेजारीण आणते, तो मी घेते.

तरी त्या घरानं मला जे दिलं, ते थोडं नाही. आमच्याकडे विटाळ नव्हता. वर्गातल्या मैत्रिणी पाळीच्या दिवसांत कोपऱ्यात वेगळं ताट घेऊन बसायच्या; मी चुलीपुढं भाकरी थापायची. शरीरातून इतर मळ बाहेर पडतात तसाच हाही एक, असं आमच्या पंथाच्या चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकातच सांगितलेलं लीळाचरित्रात आहे. त्यांनी बायकांनाही संन्यासाचा मार्ग मोकळा केला. धवळे रचणारी महदाइसा त्यांच्याच परिवारातली. आमची आजी कधी शाळेत गेली नाही, पण पोथी वाचता यावी म्हणून अक्षरं शिकली. आजोबांना पत्रं तीच वाचून दाखवायची.

आईचं माहेर लोह्याकडचं, कुलदैवत माळेगावचा खंडोबा. धाकट्या मामाच्या लग्नानंतर जागरण-गोंधळ घातला. मामा भंडारा लावायला पुढं आला तशी आई मागं सरली. पंगत बसली, तेव्हा नैवेद्याचं जेवण म्हणून ती ओसरीवर गेली आणि घरून बांधून आणलेल्या भाकरी-चटणीचं फडकं सोडून बसली. मामा तिथं आला. म्हणाला, "ताई, देवाचं नको तर नको, माझ्या हातचा एक घास खा." आईनं मान वर केली नाही. भाकरी तशीच फडक्यात राहिली. पुढच्या भाऊबीजेपासून मामा यायचा बंद झाला. आई गेली तेव्हाच तो आमच्या दारात दिसला.

बायकांचा विटाळ ज्यांनी मोडला, त्यांचंच नाव घेऊन आमच्या घरानं सख्ख्या भावाच्या ताटाचा विटाळ पाळला. पहिल्यासाठी मी त्या घराची जन्मभर ऋणी आहे. दुसऱ्याला मी क्षमा करू शकत नाही. आईची श्रद्धा खरी होती, तरीही नाही.

आमच्या उपदेशी नातलगांना माझं एवढंच सांगणं आहे: पोरांना कळत्या वयाचं होऊ द्या, मग उपदेश घ्यायचा का ते त्यांनाच विचारा. आणि माहेरच्या पंगतीतून कुठल्याही लेकीला उठवू नका.