बावीस इंचांचा धर्म

ज्याच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मासळी शिजली नाहीं, अशा माणसानें मासे धरण्याच्या विद्येविषयीं लिहावें, हें कांहीं वाचकांस विचित्र वाटेल. परंतु शाळामास्तराचा धंदाच असा आहे कीं, जें आपण कधीं करीत नाहीं त्याविषयींहि कोणी विचारलें तर उत्तर द्यावें लागतें. आणि येथें विचारणारा मुलगा परका नव्हे, आमचाच नातू आहे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त पुष्कळ वर्षें अमेरिकेंत आहेत. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागांत, सॅन डिएगोच्या उत्तरेस, कार्ल्सबाड नांवाचें समुद्रकांठचें गांव आहे. तेथें त्यांचें बिऱ्हाड. मे ते जुलै असे तीन महिने आम्ही उभयतां त्यांच्याकडे राहिलों. नातू सतरा वर्षांचा. त्याला पहाटेस उठून, किनाऱ्यावर उभें राहून, हॅलिबट नांवाचा चपटा मासा गळानें धरण्याचा नाद लागला आहे. एके दिवशीं त्यानें पंचवीस इंचांचा मासा आणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला, आणि घरांत जें व्हावयाचें तें झालें. आमच्या कुटुंबानें त्या दिवशीं अन्न घेतलें नाहीं. सूनबाईंनीं ओटा तीनदां धुतला. चिरंजीव म्हणाले, "या देशांत वाढलेल्या मुलाला किती म्हणून अडवावयाचें?" नातू कांहींच बोलला नाहीं. मासा उचलून तो शेजाऱ्यांस देऊन आला आणि खोलीचें दार लावून बसला. चार दिवस आजी व नातू यांचें बोलणें बंद होतें. शेवटीं दोघांनींहि एकमेकांस नकळत आमच्याकडेच न्याय मागितला.

न्याय देणाऱ्यानें आधीं प्रत्यक्ष पाहावें, असें आमचें मत आहे. म्हणून दुसऱ्या दिवशीं पहाटेस पांच वाजतां आम्ही नातवाबरोबर निघालों.

कोकणांतल्या माणसास तो किनारा अगदींच परका वाटत नाहीं. आमच्या गुहागरप्रमाणें तेथेंहि समुद्र पश्चिमेस आहे. त्यामुळें उजेड समुद्रावरून येत नाहीं, पाठीमागच्या जमिनीवरून येतो. त्या दिवसांत समुद्रावरून आलेल्या ढगांचें छत सकाळीं बराच वेळ किनाऱ्यावर असतें. सूर्य दिसलाच नाहीं. काळोख फिका होत गेला आणि लाटांचा फेंस तेवढा पांढरा दिसूं लागला.

पहाटच कां, असें आम्हीं विचारलें. नातवानें पाठ म्हटल्याप्रमाणें कारणें सांगितलीं. त्या वेळीं वारा पडलेला असतो. लहान मासळी किनाऱ्याजवळ असते. पोहणारे आणि लाटांवर फळ्या घेऊन खेळणारे लोक अजून पाण्यांत उतरलेले नसतात. आणि दबा धरून बसणाऱ्यास अंधुक उजेड फार सोयीचा असतो. शिवाय मार्च ते ऑगस्टपर्यंत, पौर्णिमेनंतर व अमावास्येनंतर कांहीं रात्रीं, ग्रुनियन नांवाची पांच-सहा इंची रुपेरी मासळी भरतीच्या लाटेबरोबर थेट वाळूवर येते. मादी शेपटीकडून वाळूंत शिरून अंडीं घालते आणि लाटेबरोबर परत जाते. तीं अंडीं ओल्या वाळूंत पडून राहतात व पुढच्या मोठ्या भरतीस फुटतात. या मासळीच्या लोभानें हॅलिबट अगदीं उथळ पाण्यांत येतो. हें ऐकून आम्हांस मोठें कौतुक वाटलें. आमच्या घरांतल्या तरुण मंडळींस आज तिथि कोणती हें सांगतां येत नाहीं. पण हा इवलासा मासा मात्र पंचांगाप्रमाणें चालतो.

हॅलिबट म्हणजे आपल्याकडील लेपाचा मोठा भाऊबंद म्हणावा. अंड्यांतून निघतो तेव्हां तो इतर माशांसारखाच सरळ पोहतो व त्यास दोन बाजूंस दोन डोळे असतात. पुढें एक डोळा हळूहळू डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूस येतो, मासा एका कुशीवर आडवा होतो, आणि जन्मभर तसाच राहतो. वरची बाजू वाळूच्या रंगाची, खालची पांढरी. ज्या कुळांत शास्त्रज्ञ त्याची गणना करतात त्या कुळांतील माशांचे डोळे बहुधा डाव्या अंगास असतात. पण कॅलिफोर्नियाच्या या जातींत दहांपैकीं सुमारें चारांचे डोळे उजव्या अंगास येतात. हा अंगावर वाळू उडवून घेतो, दोन डोळे तेवढे उघडे ठेवतो, आणि वरून भक्ष्य जाण्याची वाट पाहतो. भक्ष्य टप्प्यांत आलें कीं बाणासारखा सुटतो. तोंडांत तीक्ष्ण दांत असतात. मादी नराहून मोठी होते. २०११ सालीं सांता रोझा बेटाजवळ ६७ पौंडांहून अधिक वजनाचा एक हॅलिबट गळास लागला होता.

अशा माशास धरावयाचें तर प्रथम किनारा वाचतां आला पाहिजे. हा शब्द नातवाचा आहे, पण तो आम्हांस पटला. नवख्यास जशा सर्व श्लोकांच्या ओळी सारख्या दिसतात, तशा आम्हांस सर्व लाटा सारख्या दिसत होत्या. त्यानें पदच्छेद करून दाखविला. लाट दूर एकदां फुटते, तेथें वाळूचा उंचवटा आहे. मग ती विरते व पाणी काळसर दिसतें, तेथें खोलगट पन्हळ आहे. पुन्हां कांठाशीं फुटते. जेथें फेंस उलट समुद्राकडे वाहत जातो, तेथें परतीचा ओढा आहे. मासा उंचवट्यावर नसतो आणि फेंसांतहि नसतो. पन्हळीच्या कडेस, जेथून लहान मासळीस जावेंच लागतें, तेथें तो पडून असतो. भरती चढूं लागली कीं ती वाट अधिक वाहती होते.

त्याचें साहित्य थोडें होतें. आठ फुटांची हलकी काठी, तिच्यावर दोरा गुंडाळणारें रीळ, विणलेला बारीक दोरा व त्याच्या टोंकास हातभर पारदर्शक तंतू. आमिष जिवंत नव्हतें. चार इंचांचा प्लास्टिकचा रुपेरी मासा, त्याच्या तोंडाशीं एक छोटी जिभली. दोरा ओढला कीं ती जिभली पाणी कापते आणि तो खोटा मासा खऱ्यासारखा वळवळतो. पोटाखालीं तीन-तीन टोंकांचे दोन गळ. हें आमिष किनाऱ्याशीं तिरपें फेंकावयाचें, सावकाश ओढावयाचें, मध्येंच थांबावयाचें, पुन्हां ओढावयाचें. मग चार पावलें पुढें जाऊन तेंच. पाण्यांत चालतांना पाय उचलावयाचे नाहींत, वाळूंत घासत न्यावयाचे. कारण तेथें पाकटें लपून असतात. पाय वर पडला तर तीं शेपटीच्या कांट्यानें दंश करतात, आणि पाय घासत आला तर आपण होऊन दूर जातात. हा नियम आम्हांस फार आवडला. दुसऱ्याच्या घरांत आपण येत आहों, हें आधीं कळवावें.

दीड तास कांहीं झालें नाहीं. नातवाच्या तोंडावर कंटाळ्याचें चिन्ह नव्हतें. पंधरा मिनिटें पुस्तक धरून बसत नाहीं म्हणून ज्याच्याविषयीं घरांत तक्रार असते, तो मुलगा दीड तास एका दोऱ्याकडे चित्त लावून उभा होता. पतंजलीनें सांगितलेलें एकाग्र चित्त तें हेंच, असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्याच्या शेजारच्या गल्लींत खचित तें राहत असावें.

मग काठी एकदम वांकली. त्यानें घाई केली नाहीं. लाट आंत आली कीं ओढावयाचें, परतली कीं नुसतें धरून राहावयाचें. असें करीत एका लाटेवर त्यानें मासा वाळूवर आणला. ओला, ताटाएवढा, जणूं वाळूचाच तुकडा धडधडत होता. नातवानें पट्टी लावली. साडेएकवीस इंच.

तेथील कायदा असा आहे कीं, बावीस इंचांहून लहान हॅलिबट ठेवतां येत नाहीं. तो लगेच सोडून द्यावा लागतो. मोठे मिळाले तरी दक्षिण भागांत एका माणसानें दिवसास पांचाहून अधिक घ्यावयाचे नाहींत. सोळा वर्षें पुरीं झालेल्यानें किनाऱ्यावरून मासे धरण्यास परवाना काढलाच पाहिजे. बावीस इंचांची मर्यादा अशासाठीं कीं, तेवढी वाढ होईपर्यंत माशास आपला वंश मागें ठेवण्याची संधि मिळावी.

त्या वेळीं किनाऱ्यावर आम्हां दोघांखेरीज कोणी नव्हतें. अर्धा इंच म्हणजे बोटाचें अर्धें पेर. नातवानें मासा दोन्ही हातांनीं उचलला, गुडघाभर पाण्यांत गेला, आणि तो आपण होऊन निघून जाईपर्यंत वांकून उभा राहिला. मग परत येऊन त्यानें आम्हांस जो प्रश्न विचारला, त्यासाठींच त्यानें आम्हांस बरोबर आणलें असावें. "आजोबा, नियमांत बसला नाहीं तो मीं सोडला. मग नियमांत बसला तो घरीं आणला, तर तुम्हां सगळ्यांना तें पाप कां वाटलें?"

आम्हीं विचार करून सांगितलें, "बाळ, आम्ही मांस खात नाहीं हा आमचा नियम आहे; तो जगास लागू आहे असें आम्ही मानीत नाहीं. आमचे सारस्वत स्नेही मासे खातात, आणि त्यांच्या विद्वत्तेस वा शुचितेस त्यानें उणेपणा आला असें आम्हीं कधीं पाहिलें नाहीं. पण मला दुसरेंच विचारावयाचें आहे. आत्तां सोडलास त्याच्या जबड्यांत तीन टोंकें रुतलीं होतीं. तीं काढण्यास तुला बराच वेळ लागला. ज्याला सोडणें भागच आहे, त्याला इतकें दुखवावें काय?"

त्यानें उत्तर दिलें नाहीं. मुलांनीं लगेच उत्तर दिलें नाहीं कीं आम्हांस समाधान वाटतें. ऐकलें असल्याची ती खूण असते.

घरीं परत येतांना आम्हीं त्याला आपल्याकडील तीन गोष्टी सांगितल्या. पहिली अशोकाची. त्यानें आपल्या पांचव्या स्तंभलेखांत अवध्य प्राण्यांची यादी दिली, आणि ठराविक तिथींस मासे मारूं नयेत व विकूंहि नयेत अशी आज्ञा कोरविली. दुसरी बाराव्या शतकांतील कल्याणीच्या चालुक्य राजाची, म्हणजे तिसऱ्या सोमेश्वराची. त्याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत राजानें करावयाच्या करमणुकींत 'मत्स्यविनोद' म्हणून स्वतंत्र प्रकरण असून गळ, दोरी व आमिषें यांचें त्यांत वर्णन आहे. हें ऐकून नातू रस्त्यांत थांबलाच. आपला नाद संस्कृतांत आहे, हें त्याच्या ध्यानींमनींहि नव्हतें. तिसरी गोष्ट शतपथ ब्राह्मणांतील. मनूच्या हातांत धुण्याच्या पाण्याबरोबर एक लहानसा मासा आला. तो म्हणाला, मोठे मासे लहानांस गिळतात. मी मोठा होईपर्यंत माझें रक्षण कर. मनूनें त्यास आधीं घटांत, मग खड्ड्यांत ठेवलें आणि वाढल्यावर समुद्रांत सोडलें. पुढें प्रळय आला, तेव्हां त्याच माशानें मनूची नौका ओढून नेली. लहान माशास वाढूं द्यावें, ही गोष्ट कॅलिफोर्नियाच्या सरकारास आज सुचली आणि आपल्याकडे ती ठाऊक नव्हती, असें नाहीं. पण ठाऊक असणें व अर्ध्या इंचासाठीं हातचा मासा सोडणें यांत अंतर आहे. आपल्या महाराष्ट्र सरकारनेंहि २०२३ सालीं ५४ जातींच्या मासळीस किमान लांबीची मर्यादा घातली आहे. ती पाळली जाते कीं नाहीं, हें बाजारांत टोपल्या उघडतांना कळेल.

संध्याकाळीं आम्हीं दोघांस समोर बसवून निवाडा दिला. स्वयंपाकघर आजीचें, तेथें मासळी येणार नाहीं. नातवानें जो मासा ठेवावयाचा तो खाणाऱ्याच्या घरींच जाईल. नुसत्या फोटोसाठीं मासा मारावयाचा नाहीं. आणि सोडावयाचा तो कमींत कमी दुखवून सोडावयाचा. आमच्या कुटुंबानें निवाडा मान्य केला, पण संमति दिली नाहीं. "जीव तो जीव," एवढेंच त्या म्हणाल्या. त्यांचें म्हणणें खोडून काढणारें शास्त्र आमच्यापाशीं नाहीं, आणि तें शोधण्याची आम्हांस इच्छाहि नाहीं. घरांत एक माणूस तरी असें म्हणणारें असावें.

दुसऱ्या दिवशीं नातू पक्कड घेऊन अंगणांत बसला होता. प्रत्येक खोट्या माशाचे तिहेरी गळ काढून त्यानें एकेक टोंकाचा गळ बसविला, आणि त्या टोंकावरील उलटा कांटाहि दाबून सपाट केला. "याच्यानें मासे निसटतील ना रे?" असें आजीनें दारांतून विचारलें. पांच दिवसांनीं त्यांनीं त्याच्याशीं बोललेलें तें पहिलें वाक्य. "निसटतील," तो म्हणाला.

आम्ही परत आल्यास आतां बरेच महिने झाले. दर रविवारीं दूरध्वनीवर नातू दिसतो. परीक्षेचे गुण विचारावे लागतात, पण किती मासे सोडले व ते किती इंचांचे होते, हें तो आपण होऊन आजीस सांगतो. ठेवलेल्यांविषयीं तो बोलत नाहीं, आणि त्याहि विचारीत नाहींत.